रापुंझेलचं खोडलेलं वाक्य

जर्मन शिकवताना दरवर्षी एक तास मी रापुंझेलसाठी राखून ठेवते. वर्गात दोन-दोन झेरॉक्स वाटते. एका कागदावर ग्रिम बंधूंच्या संग्रहातला १८१२ सालचा पाठ, दुसऱ्यावर १८५७ सालचा. गोष्ट सगळ्यांना लहानपणापासून ठाऊक असते: उंच मनोरा, त्याला ना दार ना जिना, वर कोंडलेली मुलगी आणि खिडकीतून खाली सोडलेले तिचे लांब केस. मी एवढंच शोधायला सांगते की मनोऱ्यात राजपुत्र येऊन जातो हे म्हातारीला कळतं कसं?

१८१२च्या कागदावर रापुंझेल एक दिवस सहज विचारते, "सांगा ना गॉथेलबाई, माझे कपडे हल्ली इतके घट्ट का व्हायला लागलेत? अंगात बसेनासेच झालेत." १८५७च्या कागदावर तीच मुलगी म्हणते, "सांगा ना गॉथेलबाई, तुम्हाला वर ओढताना इतकं जड का जातं? राजपुत्र तर क्षणात वर येतो."

वर्ग थोडा वेळ गप्प असतो. मग एखादी मुलगी हळूच म्हणते, "मॅडम, म्हणजे पहिल्या गोष्टीत तिला दिवस गेलेत."

हो, दिवस गेलेत आणि ते तिला स्वतःलाच कळलेलं नाही, कारण कळायला तिला कुणी काही सांगितलेलंच नाही. बाराव्या वर्षी तिला मनोऱ्यात कोंडली. ज्या बाईने कोंडली तिलाच ती विश्वासाने विचारते की माझ्या अंगाला हे काय होतंय. मुलीला जपायचं म्हणून जगापासून तोडलं की काय होतं, ते या एका वाक्यात आहे. १८५७चं वाक्य वाचलं की मात्र दोष अलगद मुलीकडे सरकतो. ती आता अजाण राहत नाही, बावळट ठरते. आपलं गुपित आपणच बोलून बसणारी.

हा बदल विल्हेल्म ग्रिमने केला. पहिली आवृत्ती आली तेव्हा असलं काही मुलांच्या हाती कसं द्यायचं, अशी टीका झाली होती आणि पुढच्या आवृत्तीपासून घट्ट कपडे गेले. नंतर राजपुत्राने लग्नाची मागणी घातल्याचं, तिने त्याच्या हातात हात दिल्याचंही आलं. पण एक गोष्ट तशीच राहिली. शेवटी आंधळा झालेला राजपुत्र भटकत भटकत रानात तिच्यापाशी पोचतो, तेव्हा तिच्याजवळ दोन जुळी मुलं असतात, मुलगा आणि मुलगी. १८५७च्या पाठातही ती आहेतच. गरोदरपण खोडलं, बाळं राहिली. गोष्टीला कात्री लावली की तिच्या कडा अशा उघड्या पडतात, आणि अभ्यास करणाऱ्याने बोट ठेवायचं ते नेमकं तिथेच.

मला इथे जे म्हणायचंय ते आधीच सांगून टाकते. परीकथा बदलतात याला माझा काडीचाही आक्षेप नाही. तोंडी गोष्ट जगते ती बदलूनच. आजी सांगते ती गोष्ट आई तशीच सांगत नाही. माझा आक्षेप आहे तो बदल करून नंतर तोच परंपरेचा शुद्ध आवाज म्हणून पुढे करण्याला. युरोपातल्या परीकथांचा सांस्कृतिक अर्थ शोधायला बसलेल्या माणसाने म्हणूनच 'या गोष्टीचा अर्थ काय' असं लगेच विचारू नये. ही गोष्ट कुणी सांगितली, कुणाला सांगितली, कागदावर कुणी उतरवली आणि मधे कुणाचा हात फिरला, हे आधी विचारावं. हे न विचारता काढलेले अर्थ आज आपल्याकडे उदंड झाले आहेत. इंग्रजी साहित्याच्या वर्गात आहेत, पालकांच्या गटांमध्ये आहेत, फोनवर फिरणाऱ्या 'सिंड्रेलाची खरी भयानक गोष्ट' अशा मजकुरांमध्ये तर आहेतच. ते सहज विश्वास बसावा असे असतात, म्हणूनच मला त्यांची काळजी वाटते.

रापुंझेलपाशी आणखी थोडं थांबते, कारण ही गोष्ट मराठी माणसाला अगदी आतून कळते. ती सुरू होते डोहाळ्यांनी. गरोदर बाईला शेजारच्या बागेतली पालेभाजी दिसते आणि ती खायला मिळाली नाही तर आपण जगणार नाही असं तिला वाटतं. रापुंझेल हे त्या भाजीचंच नाव. नवरा भिंत ओलांडून भाजी चोरतो, पकडला जातो आणि होणारं मूल देऊन टाकायचं कबूल करतो. एका भाजीसाठी पोटचं मूल कसं काय कुणी देईल, असं इंग्रजीतून वाचणाऱ्या मुलांना वाटतं. पण डोहाळे पुरवले नाहीत तर ते बाळाला बाधतं, हे ज्या घरात आजही बोललं जातं तिथे हा नवरा विचित्र वाटत नाही. तो घाबरलेला, बायकोवर जीव असलेला गरीब माणूस वाटतो. या कथेचं जुनं इटालियन रूप नेपल्सच्या जांबात्तिस्ता बाझीलेच्या संग्रहात आहे. तो संग्रह त्याच्या मृत्यूनंतर १६३४ ते १६३६ या काळात छापला गेला. तिथे भाजीच्या जागी अजमोदा आहे आणि मुलीचं नाव त्या अजमोद्यावरूनच पेत्रोसिनेल्ला. म्हणजे ही गोष्ट गर्भारपणाबद्दलच होती, पहिल्यापासून. एका बाईच्या डोहाळ्यांचं मोल पुढच्या पिढीतल्या मुलीने कसं चुकवलं आणि अखेर तीही त्याच अवस्थेपाशी कशी येऊन पोचली, अशी ती रचना आहे. विल्हेल्मने आईचे डोहाळे राहू दिले, कारण ती लग्नाची बाई. लेकीचं गर्भारपण खोडलं, कारण तिचं लग्न झालं नव्हतं. एकोणिसाव्या शतकातल्या जर्मन मध्यमवर्गाला काय सोसत होतं आणि काय नाही, हे समजायला या एका कात्रीइतका बोलका पुरावा मला दुसरा सापडलेला नाही.

बरं, ही 'जर्मन लोककथा' तरी होती का? ग्रिमांकडे ती आली फ्रीडरिश शुल्त्स या लेखकाच्या १७९०च्या पुस्तकातून. शुल्त्सने ती घेतली फ्रेंचमधून. शार्लोत-रोझ द ला फोर्स या सरदार घराण्यातल्या बाईने १६९८ साली 'पर्सिनेत' नावाने ती लिहिली होती. त्या काळी पॅरिसमध्ये शिकलेल्या बायकांच्या बैठकींमध्ये अशा कथा रचण्याची मोठी चढाओढ होती. 'परीकथा' या शब्दामागे जी फ्रेंच संज्ञा आहे तीही त्यांच्यातल्याच मादाम द'ओन्वा हिच्या १६९७च्या पुस्तकामुळे रूढ झाली. ठरवून केलेल्या लग्नांबद्दल, नवऱ्याच्या हुकमतीबद्दल या बायका आपल्या कथांमधून बरंच काही बोलून घेत. आज शाळकरी पोरालाही त्यांच्याच काळातल्या शार्ल पेरो या परीकथाकाराचं नाव सांगता येतं, या बायकांची नावं मात्र अभ्यासकांपुरती उरली आहेत.

आता लाल टोपीवाल्या मुलीकडे, म्हणजे 'लिटल रेड रायडिंग हूड'कडे येते. अर्थांची सगळ्यात जास्त गर्दी तिच्याभोवतीच आहे.

एरिक फ्रॉमने १९५१ साली या गोष्टीची मनोविश्लेषणाच्या अंगाने फोड केली. लाल टोपी म्हणजे मासिक पाळी आणि 'वाट सोडून जाऊ नकोस' हा आईचा इशारा म्हणजे कौमार्य सांभाळण्याची ताकीद. ब्रूनो बेटलहाइमने १९७६ साली परीकथांवर आख्खं पुस्तक लिहिलं आणि ते जगभर वाचलं गेलं. परीकथांमधली भीती मुलांना लागतेच, ती पुसून टाकू नका, हे त्याचं म्हणणं मला मनापासून पटतं. पण दोघांनीही हाताशी असलेलं ग्रिमांचं पुस्तक उघडलं आणि त्यातला शब्द न् शब्द मानवी मनातून थेट वर आला असं धरून चालले. फ्रेंच शेतकऱ्यांच्या तोंडी असलेल्या गोष्टीत लाल टोपी नाही आणि आईचा तो इशाराही नाही, हे इतिहासकार रॉबर्ट डार्नटनने १९८४ साली खडसावून सांगितलं. टोपी घातली शार्ल पेरोने, १६९७ मध्ये. इशारा आला ग्रिमांकडून. ज्या खुणांवरून सनातन मनाचा ठाव घेतला होता, त्या दोन लेखकांनी पदरच्या घातलेल्या होत्या.

ते फ्रेंच रूप ऐकण्यासारखं आहे. नियेव्र प्रांतात १८८५च्या सुमारास ते टिपलं गेलं. मुलगी ताजी भाकरी आणि दूध घेऊन आजीकडे निघते. दोन वाटा फुटतात तिथे तिला नरलांडगा, म्हणजे लांडग्याचं रूप घेणारा माणूस, भेटतो आणि विचारतो, कुठल्या वाटेने जाणार, सुयांच्या की टाचण्यांच्या? तो आधी पोचतो, आजीला मारतो, तिचं थोडं मांस कपाटात आणि रक्त बाटलीत ठेवतो. मुलगी येते आणि नकळत तेच खाते, पिते. मग एकेक कपडा काढून विस्तवात टाकते, कारण लांडगा म्हणतो, आता तुला त्याची गरज नाही. अंथरुणात शिरल्यावर तिच्या लक्षात येतं. ती म्हणते, आजी, मला बाहेर जायचंय. तो म्हणतो, इथेच कर. ती हटून बसते. शेवटी तो तिच्या पायाला दोरी बांधून तिला बाहेर सोडतो. ती दोरी सोडून अंगणातल्या आलुबुखाराच्या झाडाला बांधते आणि पळत सुटते. शिकारी येत नाही, कुणी वाचवत नाही. ती स्वतःच्या अकलेने घरी पोचते.

सुया आणि टाचण्या हे काय आहे? वर्षानुवर्षं अभ्यासक हे निरर्थक बडबडगीत म्हणून सोडून देत होते. इव्होन व्हेर्दिए ही फ्रेंच अभ्यासक बरगंडीतल्या मिनो गावात राहिली, बायकांशी बोलली आणि तिला उत्तर गावातच सापडलं. मुली वयात आल्या की एक हिवाळा शिवणकाम शिकायला बाईकडे जायच्या. टाचण्या हा त्या वयाचा, नटण्याचा, पोरांशी बोलण्याचा शब्द. नेढं असलेली सुई त्याच्या पुढची, जाणत्या बाईची. म्हणजे दोन वाटांचा तो प्रश्न मुलीच्या वयाबद्दल होता, आणि आजीला खाणं हे एका पिढीने दुसरीची जागा घेणं होतं. हा अर्थ बरोबरच आहे अशी शपथ मी घेणार नाही. पण तो काढण्याची रीत बरोबर आहे. ज्या बायका ती गोष्ट सांगत होत्या त्यांच्या हातात रोज काय असायचं, हे व्हेर्दिएने आधी पाहिलं.

पेरोचा लांडगा मात्र दरबारातला. गोष्ट संपते तिथे मुलगी लांडग्याच्या पोटात असते आणि खाली पद्यात तात्पर्य: काही लांडगे गोडबोले असतात, तरुण मुलींच्या मागेमागे घरात, अंतःपुरापर्यंत येतात आणि तेच सगळ्यात घातक. चौदाव्या लुईच्या काळातल्या पॅरिसमध्ये हे वाचणाऱ्यांना कोण कुणाबद्दल बोलतंय हे नीट कळत होतं. ग्रिमांकडे येईपर्यंत शिकारी आला, पोट फाडलं गेलं, मुलगी आणि आजी जिवंत निघाल्या आणि 'पुन्हा आईचं ऐकेन' असं मुलीने मनाशी ठरवलं. एकाच गोष्टीत एकदा अक्कल वाचवते, एकदा कुणीच वाचवत नाही आणि एकदा पुरुष येऊन वाचवतो.

आता यावरून कुणी म्हणेल, चला, म्हणजे नियेव्रचं रूप हे मूळ आणि बाकीची भ्रष्ट. तेही मला मान्य नाही. ते रूप टिपलं गेलं पेरोनंतर जवळजवळ १९० वर्षांनी. ते किती जुनं यावर वाद आहेत. दुसरीकडे अकराव्या शतकात लिएजच्या एग्बर्टने लॅटिनमध्ये एक छोटी कविता लिहून ठेवली आहे: बाप्तिस्म्याला भेट मिळालेला लाल लोकरी अंगरखा घातलेल्या पाच वर्षांच्या पोरीला लांडगा उचलून नेतो आणि त्याची पिल्लं तिला फाडायचं सोडून तिचं डोकं गोंजारतात. तिथे लाल रंग पाळीचा नाही की नटण्याचा नाही, बाप्तिस्म्याचा आहे. शेवटच्या टोकाला 'खरी' गोष्ट सापडेल या आशेने मागे मागे जाणारा माणूस रिकाम्या हाताने परततो. फोनवरचे 'खरी भयानक गोष्ट' वाले मजकूर म्हणूनच मला गाळीव पुस्तकांइतकेच फसवे वाटतात. गाळीव पुस्तक सांगतं की गोष्ट मुळात गोड होती, हे सांगतात की ती मुळात क्रूर होती. मूळ नावाची वस्तू दोघांनाही हवीच असते.

क्रूरपणाचा हिशेब तर उलटाच निघतो. ग्रिमांच्या १८१२च्या सिंड्रेलात सावत्र बहिणी बोट आणि टाच कापून घेतात हे आहे, पण शेवटी कबुतरं त्यांचे डोळे फोडतात हे नाही. ते १८१९ मध्ये घातलं. विल्हेल्मने शरीरसंबंधाची चाहूल लागेल ते काढलं आणि शिक्षा वाढवल्या. मुलांना काय झेपतं याची त्याची कल्पना तशी होती. आजही आपल्याकडे मुलांच्या पुस्तकात मारामारी चालते आणि मुलीची पाळी चालत नाही, तेव्हा त्याच्या काळाला नावं ठेवायचा अधिकार आपल्याला फारसा नाही.

सावत्र आईचं काय? 'परीकथा बाईला दुष्ट दाखवतात' हा आक्षेप मी अनेक तरुण आयांकडून ऐकते आणि तो खराच आहे. पण हे पाहा. १८१२ मध्ये हिमगौरीच्या जिवावर उठलेली राणी तिची सख्खी आई आहे. १८१९ मध्ये ती सावत्र झाली. हॅन्सेल आणि ग्रेटेलला रानात सोडून यायचं म्हणणारीही सख्खी आईच होती. १८४० मध्ये ती सावत्र झाली. त्या पहिल्या पाठातलं लाकूडतोड्याचं घर डोळ्यांसमोर आणा. घरात दाणा नाही. नवरा-बायको अंधारात कुजबुजतायत की चौघं मरणार, त्यापेक्षा दोघं तरी जगू. बाप आधी नको म्हणतो, पण शेवटी कबूल होतो. हे भुकेचं चित्र आहे. आई सावत्र केली की भूक मागे सरते आणि वाईट बाई पुढे येते. घरातल्या दारिद्र्याचं खापर एका बाईच्या माथी फुटतं. बाळंतपणात बायका मरत आणि पुरुष दुसरं लग्न करत, म्हणून सावत्र आया खरोखरच पुष्कळ होत्या, हे इतिहास म्हणून बरोबरच आहे. पण या दोन कथांमध्ये ती सावत्र आई गावातून आलेली नाही, लेखकाच्या टेबलावर तयार झाली. आई पवित्रच असली पाहिजे असं वाटणाऱ्या माणसाने ती तयार केली. त्या आक्षेप घेणाऱ्या आयांना मी हेच सांगते की तुमचा राग योग्य आहे, फक्त तो कुठल्या सालावर धरायचा ते बघा.

हा सगळा खटाटोप पुस्तकी वाटत असेल तर पुढची हकीगत जरूर वाचा.

ग्रिम बंधू काम करत होते ते कासेल शहर तेव्हा फ्रेंचांच्या ताब्यात होतं. नेपोलियनचा भाऊ जेरोम तिथे राजा होता आणि याकोब ग्रिम त्याच्याच ग्रंथालयात नोकरीला. आपल्या भाषेतलं, आपल्या मातीतलं काहीतरी वाचवलं पाहिजे ही ओढ त्या दोघांना का लागली असेल, हे पारतंत्र्य पाहिलेल्या देशाला समजावून सांगायला नको. त्या ओढीतून त्यांनी अफाट काम उभं केलं. संग्रहाच्या दुसऱ्या खंडात, १८१५ मध्ये, त्यांनी एका बाईची ओळख करून दिली: कासेलजवळच्या नीडरत्स्वेरन गावची शेतकरीण, नाव फीमान, जी गोष्ट सांगताना शब्द बदलत नाही आणि लिहून घ्यायचं असेल तर पुन्हा सावकाश सांगते. १८१९च्या आवृत्तीत तिचं चित्रही छापलं. अस्सल जर्मन खेड्याचा आवाज म्हणून.

डोरोथेआ फीमान शेतकरीण नव्हती. खाणावळवाल्याची लेक, शिंप्याची बायको. घरच्या परसातलं विकायला ती शहरात येई. माहेरचं नाव पीअरसाँ. धर्मछळाला कंटाळून फ्रान्समधून पळालेल्या ह्युगनॉ प्रोटेस्टंटांच्या वंशातली. बापाच्या खाणावळीत उतरणाऱ्या गाडीवानांकडून, सैनिकांकडून तिने लहानपणी गोष्टी ऐकल्या असणार. पहिल्या खंडातल्या कितीतरी कथांपुढे नुसतं 'मारी' असं लिहिलेलं. ती विल्हेल्मच्या सासरच्या घरातली म्हातारी दाई होती असं विल्हेल्मच्या मुलाने सांगितलं आणि जगाने कितीतरी वर्षं मानलं. हाइन्त्स रोलेके या अभ्यासकाने १९७५ मध्ये कागदपत्रांवरून दाखवून दिलं की ती मारी हासेनफ्लुग, विशीतली शिकलेली, सुखवस्तू घरातली मुलगी. तिच्याही आईकडची माणसं ह्युगनॉच. लाल टोपीवाली ग्रिमांना मिळाली तीही याच घरातून.

म्हणजे जर्मन मातीतल्या म्हणून नावाजलेल्या कथांचा मोठा हिस्सा फ्रान्समधून हाकललेल्या निर्वासितांच्या नाती-पणतींनी आणून दिला होता. पुढे नाझींनी याच कथा जर्मन वंशाचा शुद्ध ठेवा म्हणून शाळाशाळांत मिरवल्या. त्या संग्रहात 'काट्यांतला ज्यू' नावाची एक कथा आहे. नोकर सारंगी वाजवतो आणि एका ज्यू माणसाला काटेरी झुडपात रक्तबंबाळ होईपर्यंत नाचवतो, शेवटी फाशी त्या ज्यूलाच होते आणि वाचकाने हसायचं असतं. ही कथा कुणी बाहेरून घुसडलेली नाही, ग्रिमांनीच घेतली आणि शेवटपर्यंत ठेवली. ज्या विल्हेल्मने इतकी बारीक कात्री चालवली, त्याने इथे ती चालवली नाही. काय खोडलं यावरून जितकं कळतं तितकंच काय ठेवलं यावरूनही कळतं. १८१९च्या प्रस्तावनेत मुलांच्या वयाला न शोभणारे शब्द काळजीपूर्वक काढले आहेत, असं ते एका वाक्यात सांगतात. त्याच प्रस्तावनेत आम्ही आपलं काही घातलेलं नाही असंही म्हणतात. दुसऱ्या वाक्यावर लोकांनी विश्वास ठेवला आणि त्या विश्वासावर पुढे एका राजवटीने काय उभारलं ते आपण पाहिलं.

आपल्याकडचा धागा इथे खरोखरच येऊन मिळतो, ओढूनताणून नव्हे. युरोपातल्या बऱ्याच कथा भारतातून गेल्या असं थिओडोर बेन्फाय या जर्मन पंडिताने १८५९ मध्ये पंचतंत्राच्या भाषांतरासोबत मांडलं. त्याचं सगळं म्हणणं पुढे टिकलं नाही, पण त्या वाऱ्यात इकडच्या कथा गोळा व्हायला लागल्या. मुंबईचे गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांची मुलगी मेरी हिने १८६८ साली 'ओल्ड डेक्कन डेज' हे पुस्तक काढलं. १८६५-६६च्या हिवाळ्यात वडिलांबरोबर दक्षिण महाराष्ट्राच्या मुलखात फिरताना तिच्यासोबत असलेल्या आयेने तिला त्या कथा सांगितल्या होत्या. आयेचं नाव ॲना लिबेराता द सूझा. पूर्वज लिंगायत, पुढे गोव्यात येऊन ख्रिस्ती झालेले. कथा तिला आजीकडून मिळालेल्या. मेरी फ्रिअरने एक गोष्ट मोठी केली: ॲनाचं नाव दिलं, तिची हकीगत तिच्याच बोलण्यात पुस्तकाच्या आरंभी छापली. तिचं दुःख, तिची नोकरी, आता कुणाला गोष्टी ऐकायला वेळ नाही ही तिची खंत. फीमानबाईंना चित्र मिळालं पण खोटी ओळख मिळाली. ॲनाला निदान तिची स्वतःची ओळख मिळाली, तीही गोऱ्या मालकिणीच्या गाळणीतून आलेली, हे विसरून चालणार नाही.

आणि पुण्यातच गी पॉइतवां आणि हेमा राईरकर यांनी गावोगावच्या जात्यावरच्या लाखाहून अधिक ओव्या जमवल्या, त्यात ओवी गाणारीचं नाव आणि गाव लिहिलेलं असतं. पॉइतवां मूळचे फ्रान्सचे. युरोपने एकोणिसाव्या शतकात जे पुरेसं केलं नाही ते इथल्या मावळात झालं. ओवी वाचताना ती कुणाची हे आपण विचारू शकतो. परीकथेलाही हाच प्रश्न विचारायचा आग्रह मी धरते, तो यासाठी.

झोपताना गोष्ट सांगणाऱ्या आईने साल आणि आवृत्ती बघत बसायची का, असं मला विचारतात. मुळीच नाही. तिने हवी तशी सांगावी. सिंड्रेलाने राजपुत्राला नाही म्हटलं असं सांगायचं तर तसं सांगावं, हा तिचा हक्क आणि गोष्टीचा स्वभावही. फक्त पोराने विचारलं की 'पुस्तकात असंच आहे का', तर खरं उत्तर द्यावं. छापणाऱ्यांना मात्र ही सवलत नको. मुखपृष्ठावर 'ग्रिमच्या मूळ परीकथा' असं लिहून आत कुठल्याशा इंग्रजी संक्षेपाचं भाषांतर देणं थांबलं पाहिजे. कुठल्या आवृत्तीवरून घेतलं, काय गाळलं, हे दोन ओळींत लिहायला जागा लागतेच किती? आणि महाविद्यालयात परीकथा शिकवणाऱ्यांनी एकच पाठ हाती देऊन त्यावर सिद्धान्ताची मात्रा उगाळणं सोडावं. दोन पाठ शेजारी ठेवा. विद्यार्थी स्वतःच बघतात. मला त्यांना फारसं काही सांगावं लागत नाही, हा इतक्या वर्षांचा अनुभव आहे.

गेल्या वर्षी रापुंझेल झाल्यावर वेळ उरला म्हणून मी ग्रिमांचीच 'तीन सूतकातणाऱ्या' ही गोष्ट वाचायला घेतली. आळशी मुलगी सूत कातत नाही म्हणून आई मारते. राणी विचारते का मारतेस, तेव्हा आई लाजेने खोटं बोलते की हिचं कातणं थांबतच नाही. राणी मुलीला वाड्यावर नेते, तीन खोल्या भरून जवसाचे तंतू देते, सगळं कातलंस तर माझा मुलगा तुझा नवरा. तीन बायका येऊन ते काम करून देतात. अट एकच, लग्नाला बोलव आणि आम्ही तुझ्या मावश्या आहोत असं सांग. लग्नात नवरामुलगा त्यांना बघून हबकतो. पहिलीला विचारतो, तुमचं पाऊल इतकं फताडं कशानं? रहाट दाबून दाबून. दुसरीला, ओठ असा हनुवटीपर्यंत लोंबतो कशानं? धागा ओला करून करून. जवसाचा धागा थुंकीने भिजवावा लागतो. तिसरीला, अंगठा एवढा रुंद कशानं? पीळ देऊन देऊन. तो म्हणतो, माझी बायको आता चरख्याला हात लावणार नाही.

शेवटच्या बाकावरची सोलापूरची मुलगी एरवी कधी बोलत नाही. ती म्हणाली, माझ्या आजीच्या बोटांना ठसेच नाहीत. चाळीस वर्षं विड्या वळल्या. रेशनच्या मशिनवर अंगठा लागत नाही, दर महिन्याला मीच जाते तिच्यासोबत.

मग तिने कागद उलटून पाहिला आणि विचारलं, "मॅडम, ही गोष्ट ज्या बाईने सांगितली, ती स्वतः कातत होती का?"